माझ्या हातचा एन

शशीआत्या आमच्या धरमपेठेतल्या घरी राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि फळ्यावर वापरतात तसा भला मोठा लाकडी कोनमापक होता. पेटी तिनं बसच्या टपावर टाकू दिली, कोनमापक मात्र गावाहून, पारशिवनीपासून, मांडीवर धरून आणला. ती बाबांची सगळ्यात धाकटी बहीण. गणित घेऊन बीएस्सी, मग बीएड, मग गावाजवळच्या एका शाळेत कुणाच्या तरी रजेच्या जागेवर वर्षभर शिकवलेलं. ती जागा संपली आणि तिनं ठरवलं की आता नोकरी करायची तर नागपुरात. गावी शेती बघणाऱ्या मोठ्या काकांना हे पसंत नव्हतं. त्यांनी मुदत घालून दिली होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्या संपून शाळा उघडेपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर मुकाट घरी यायचं आणि पुन्हा नागपूरचं नाव काढायचं नाही. हे सगळं तिनं छपरीत उभ्या उभ्याच आईला सांगून टाकलं. आईनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या तेवढा वेळ आईच्याच हातात राहिला.

होळीच्या जरा आधीचे दिवस होते. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढची छपरी. मधली खोली माझी. म्हणजे तोपर्यंत माझी होती, कारण तिच्या खिडकीत कूलर होता आणि एकुलत्या एका लेकीनं अभ्यास गारव्यात करावा असं बाबांचं म्हणणं होतं. आता तिथे आत्याची गादी आली, खुंटीवर तिची लुगडी आली आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर तो कोनमापक आला. कूलरचा पंप दिवसभर ठुकठुक करायचा, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास घरभर असायचा आणि त्या सगळ्याच्या वर आत्याचा आवाज. तिचा आवाज शेतात वाढला होता. दोन धुऱ्या-बांधांपलीकडच्या माणसाला हाक मारायची त्याला सवय, स्वयंपाकघरातून मधल्या खोलीत बोलायला तो फारच होता. आई म्हणायची, "शशी, हळू वं, शेजारचे पोट्टेही पाढे म्हणायले लागले." आत्या आणखी मोठ्यानं हसायची.

हसण्याचं निघालं म्हणून माझंही सांगून ठेवते. मला एकदम हसू आलं की नाकातून शिट्टीसारखा आवाज निघतो. अजूनही निघतो. तेव्हा आमच्याकडे नवाच कुकर आला होता आणि मी हसले की आई खरंच स्टो बंद करायला धावायची. आत्याला याची भारी गंमत वाटे. "बबी हसली का मले वाटते वरण शिजलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

भूमिती हा तिचा जीव होता. बाबा जेवण झाल्यावर छपरीत सुपारी कातरत बसायचे. ती त्यांच्या हातातून अडकित्ता काढून घ्यायची आणि माझ्यासमोर त्याचे दोन पाय हळूहळू फाकवायची. "हा पाहा लघुकोन. हा काटकोन. अन् हा विशालकोन. लघुकोनात सुपारी फुटते, पण सुपारी आत घ्याची तं विशालच व्हा लागते का नाही?" दार उघडता-लावताना कोन, पोळीची घडी घालताना कोन. गोळाभात वाढताना ती भाताच्या ढिगात डाळीचा गोळा अशा रीतीनं बसवायची की बाबा विचारायचे, "हे कोणतं प्रमेय आहे वं?" आणि ती वरून फोडणीचं कढत तेल सोडत उत्तर द्यायची. हे सगळं मला आज इतकं गोड वाटतं की लिहिताना हात थांबतो. तेव्हा ते मला गावंढळ वाटायचं. मी नववीत होते आणि इंग्रजी शाळेत जात होते.

घरातलं इंग्रजी म्हणजे मी. बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांना कचेरीपुरतं इंग्रजी यायचं, 'विथ रेफरन्स टू' पासून 'युवर्स फेथफुली' पर्यंत. त्यापलीकडचं सगळं माझ्याकडे यायचं. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो, लग्नपत्रिका असो, बाबा मोठ्या अभिमानानं "बबी, हे वाच" म्हणायचे आणि मी जे सांगेन ते घरात अंतिम धरलं जायचं. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाती एवढा अधिकार देऊ नये, असं आता माझं मत आहे.

मार्चमध्ये मी एक दिवस डबा विसरले. मधल्या सुट्टीला आम्ही मैत्रिणी व्हरांड्यात उभ्या होतो आणि पार फाटकापासून हाक आली, "वं बबेऽऽ! डब्बा राहिला ना तुहा! पोटात काय हवा भरशीन?" आत्या. उन्हानं लाल झालेली, पदर खोचलेला, डब्यातलं वरण बाहेर येऊन हातावर ओघळलेलं. धरमपेठेतून ती तशी पायी आली होती. मी डबा घेतला आणि तिच्याकडे न बघता वळले. त्यानंतर कितीतरी दिवस वर्गातल्या मुली मला "वं बबे" म्हणून हाक मारत होत्या, आणि मी त्यांच्यावर न चिडता आत्यावर चिडत होते.

त्याच सुमारास इंग्रजीच्या बाईंनी वर्गात एका मुलीला म्हटलं, "डोन्ट बी ऑब्ट्यूज." आम्ही एकमेकींकडे पाहिलं. ऑब्ट्यूज म्हणजे विशालकोन, एवढं आम्हाला ठाऊक होतं. माणूस कोन कसा असेल? घरी येऊन मी बाबांनी घेऊन दिलेली डिक्शनरी उघडली. पहिला अर्थ कोनाचा होता. दुसरा अर्थ, लक्षणेनं वापरतात तो, मंद, ज्याच्या डोक्यात लवकर काही शिरत नाही असा. त्या दुसऱ्या अर्थाखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. नवा शब्द सापडला की रेघ मारायची माझी सवयच होती.

चार-सहा दिवसांनी रूपा नावाची माझी मैत्रीण घरी आली. आम्ही छपरीत बसलो होतो. आत आत्या आईला मोठ्यानं काहीतरी सांगत होती. रूपानं डोळे मिचकावले तशी मी ऐटीत म्हटलं, "माय आँट इज सो ऑब्ट्यूज." नेमकी त्याच वेळी आत्या चिवड्याच्या वाट्या घेऊन दारात आली.

"मले काय म्हणून राहिली होती वं तू? ऑब्ट्यूज?" ती म्हणाली. रागानं नाही, कुतूहलानं. "विशालकोनातलं ऑब्ट्यूज?"

रूपा चिवड्यात बघू लागली. आणि मग मी, घरातलं अंतिम इंग्रजी, म्हणाले, "हो. इंग्रजीत माणसालाही म्हणतात. विशाल. म्हणजे मोठ्या मनाचा."

आत्याचा चेहरा कसा झाला ते मी विसरलेले नाही. आधी तिला पटेना, मग एकदम पटलं. "बाप्पा! माणसालेही म्हणतात? मले कोणी सांगितलंच नाही. काटकोनापेक्षा मोठा, म्हणून मोठ्या मनाचा. बरोबरच आहे!" तिनं माझ्या वाटीत आणखी दोन मुठी चिवडा घातला आणि आत जाऊन आईला सांगितलं, "वहिनी, तुमची बबी मले ऑब्ट्यूज म्हणते." मी आणि रूपा तोंडावर हात दाबून बसलो. शिट्टी बाहेर येऊ नये म्हणून मी चिवडा कोंबला आणि मला ठसका लागला.

पुढे मी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं, म्हणून या शब्दाबद्दल थोडं बोलण्याचा मला हक्क आहे असं समजते. त्याचं मूळ बोथट या अर्थाचं. कोन फाकला की त्याचं टोक बोथट दिसतं, म्हणून तो ऑब्ट्यूज, आणि बुद्धी बोथट असली की माणूसही ऑब्ट्यूज. मराठीनं त्याच कोनाकडे टोकाच्या बाजूनं न बघता उघड्या बाजूनं पाहिलं आणि त्याला विशाल म्हटलं. माझं खोटं नेमकं या दोन बाजूंच्या मधल्या जागेत बसलं. साफ खोटं असतं तर आत्यासारख्या हुशार बाईनं ते दोन दिवसांत पकडलं असतं. हे इतकं तर्काला धरून होतं की तिनं त्याची सिद्धता मांडून दाखवली असती.

शब्द घरात रुळला. बाबा कचेरीतून आले की विचारायचे, "आमची ऑब्ट्यूज कुठे आहे?" आत्यानं आपल्या वहीच्या पहिल्या पानावर तो इंग्रजीत लिहून समोर मराठीत 'विशाल, उदार' असं लिहिलं. शेजारच्या काकूंनी पापडासाठी आमचा पाट दोन दिवस ठेवून घेतला तेव्हा आत्या त्यांना म्हणाली, "राहू द्या हो, आम्ही ऑब्ट्यूज लोक आहोत." मी दर वेळी खाली बघायची. आई चौथी शिकलेली, पण ती माझ्या तोंडाकडे बघायची. एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बबे, तो शब्द चांगला आहे ना वं?" मी म्हटलं, "हो." ती पुन्हा भाकरी थापू लागली. इथे तरी मला थांबता आलं असतं.

मे महिन्याच्या शेवटी जरीपटक्यातल्या एका नव्या इंग्रजी शाळेकडून आत्याला मुलाखतीचं पत्र आलं. गणिताची जागा, पाचवी ते आठवी. घरात दिवाळी असल्यासारखं झालं. आईनं पाटवड्यांचा रस्सा केला. बाबांनी माझ्याकडे बघून हुकूम सोडला, "बबी, हिची तयारी तुझ्याकडे." गणिताची तयारी तिला नकोच होती. तयारी हवी होती ती एका प्रश्नाची, जो प्रत्येक मुलाखतीत पहिला येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. स्वतःबद्दल काही सांगा. तिनं दोन दिवस खपून त्याचं उत्तर इंग्रजीत लिहिलं, फुलस्केप कागदावर, एक ओळ सोडून, आणि दुपारी कूलरसमोर माझ्या हातात दिलं. "तपास वं. एकही चूक नाही राहिली पाह्यजे. शाळा उघडाले दिवस किती राहिले? इथं नाही झालं तं तुहे मोठे काका मले न्यायले गाडी पाठवते."

मी पेन्सिल घेतली. तिचं इंग्रजी तसं सरळ होतं. एके ठिकाणी 'डिड वेन्ट' होतं, ते सुधारलं. एके ठिकाणी स्पेलिंग सुधारलं. मग खालच्या बाजूला ही ओळ आली. माझी भाची म्हणते की मी ऑब्ट्यूज व्यक्ती आहे आणि मी प्रत्येक मुलाशी ऑब्ट्यूज राहीन. इंग्रजीत तिनं लिहिलं होतं, 'आय अ‍ॅम ए ऑब्ट्यूज पर्सन'.

कूलरचा पंप ठुकठुकत होता. आत्या माझ्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होती. मला फाटकातली हाक आठवली, हातावर ओघळलेलं वरण आठवलं. आणि खरं सांगायचं तर नुसता राग नव्हता तो. भीतीही होती. आता सांगितलं तर बाबांना कळेल, आईला कळेल, माझ्या शब्दाला घरात जी किंमत होती ती संपेल. शब्द खोडायला एक क्षण लागला असता. मी तो खोडला नाही. 'ए'च्या पुढे बारीकसा 'एन' काढला आणि म्हटलं, "स्वराच्या आधी ए नाही येत, अ‍ॅन येतं."

"पाहा बरं!" आत्या म्हणाली. "हे मले समजलंच नसतं. मोठी नजर आहे तुही." आणि तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मुलाखतीच्या दिवशी बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून वाट दाखवायला मला सोबत पाठवलं. आत्यानं आईची अबोली रंगाची साडी नेसली होती. कोनमापक पिशवीत मावत नव्हता, तो तिनं काखेत धरला. जरीपटक्याच्या बाजारात उतरलो तर कपड्यांच्या दुकानांपुढे एवढी गर्दी की तो कोनमापक लोकांना टोचू नये म्हणून ती आडवी आडवी चालत होती. सबंध वाट ती ओठातल्या ओठात उत्तर म्हणत होती. मला तीन वेळा वाटलं, आता सांगावं. शाळेच्या फाटकाशी मी "आत्या" म्हणून हाकही मारली. ती थांबली. "काय वं?" मी म्हटलं, "पदर नीट कर."

मला बाहेर बाकावर बसवलं. खोलीच्या दाराला नुसता पडदा होता आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. एक मुख्याध्यापिका होत्या आणि दोन पुरुष. बाईंनी तोच प्रश्न विचारला. आत्या आपल्या शेतातल्या आवाजात, न अडखळता, घडाघड बोलत गेली. मग ती ओळ आली. 'अ‍ॅन ऑब्ट्यूज पर्सन'. अ‍ॅन तिनं चांगला दाबून म्हटला.

बाईंनी सावकाश विचारलं, या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे का? आत्या इंग्रजीतच म्हणाली, "येस मॅडम. मोअर दॅन नाइन्टी, लेस दॅन वन एटी." नव्वदहून जास्त, एकशे ऐंशीहून कमी.

आणि ते हसले. एकजण आवरत होता, त्याचा खोकला झाला. बाकावर मी त्या वेळी काय केलं ते लिहायला मला जड जातंय, म्हणून ते शेवटी लिहीन. हसणं ओसरल्यावर त्यांच्यातला एकजण हिंदीत, अगदी मऊपणानं म्हणाला, "बहनजी, ऑब्ट्यूज मतलब मंदबुद्धि. किसी ने मज़ाक किया आपके साथ." मग त्यांनी तिला फळ्यावर एक प्रमेय सिद्ध करायला सांगितलं. जे प्रमेय ती पोळीच्या घडीवर सिद्ध करायची तेच. खडूचा आवाज थोडा वेळ आला आणि थांबला.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "चाल." बाजारातून जाताना उसाच्या रसाचं दुकान लागलं. "रस पिशीन का?" मी हो म्हटलं. तिनं एकच ग्लास घेतला, माझ्यासाठी. मी तो सगळा प्यायले. तेवढा वेळ ती उन्हात कोनमापक धरून उभी होती.

घरी आल्यावर तिनं साडी बदलली, हात-पाय धुतले आणि म्हणाली, "बबी, तुही डिक्शनरी दे वं जरा." मी दिली. न देण्याचं काही कारण सुचलं नाही. ती पाटावर बसून एकेक पान उलटत त्या शब्दापर्यंत गेली. माझी पेन्सिलीची रेघ तिथे होती. ती त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिली, मग पुस्तक मिटून माझ्या टेबलावर जागच्या जागी ठेवलं. मी टेबलाशी बसूनच होते. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी बाबा आले, सायकल भिंतीला लावता लावताच विचारते झाले. आत्या म्हणाली, "नाही झालं गा दादा. माहं इंग्रजी कमी पडलं." बाबा माझ्याकडे वळले, "तू कागद तपासला होता ना?" आत्याच म्हणाली, "तपासला गा तिनं. चांगला तपासला." आणि आत गेली. रात्रीच्या जेवणाला तिनं मला वाढलं, नेहमीसारखं, पण भातावर गोळा कसाही ठेवून दिला.

अजून एका शाळेचं बोलावणं आलं. ती गेली नाही. "इंग्रजीसमोर उभं राह्याची हिंमत नाही होत आता," असं आईला म्हणाली. शाळा उघडायच्या चार दिवस आधी काका स्वतः घ्यायला आले. जो शब्द सगळं घर हसत-खेळत वापरत होतं तो त्यानंतर कुणाच्याच तोंडी आला नाही, यावरून मला वाटतं आईला सगळं कळलं होतं. आत्या कोनमापक घेऊन बसमध्ये बसली. माझ्या खोलीची भिंत मोकळी झाली, आणि मला पुन्हा एकटीला कूलर मिळाला.

पाच-सहा वर्षांनी काका नरमले आणि तिला गावाजवळच्या मराठी शाळेत नोकरी लागली. तिथेच ती निवृत्त झाली. तिचे विद्यार्थी आजही तिला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. लोक म्हणतात, बरंच झालं, इंग्रजी शाळेत काय ठेवलं होतं. मीही कित्येक वर्षं स्वतःला हेच सांगत आले. पण ती पाच-सहा वर्षं ती चुलीशी बसून होती आणि ती पाच-सहा वर्षं मी कॉलेजात बक्षिसं घेत होते. पुढे मी प्राध्यापक झाले. दरवर्षी मुलांना शब्दाचा मूळ अर्थ आणि लाक्षणिक अर्थ शिकवताना मी गणितातलेच शब्द घ्यायची. बोलता बोलता टँजंटवर, म्हणजे भलतीकडेच, जाणारा माणूस, समांतर म्हणजे पॅरलल चालणारी दोन आयुष्यं, अ‍ॅक्यूट दुखणं. अ‍ॅक्यूटनंतर कुणीतरी हुशार मुलगी हमखास विचारायची, "मॅडम, मग ऑब्ट्यूज?" आणि मी म्हणायची, तो घरी बघून या.

गेल्या हिवाळ्यात माझा नातू मला फोनवरचं काहीतरी समजावत होता. मला ते तिसऱ्यांदाही जमेना. तो हसत म्हणाला, "आजी, डोन्ट बी ऑब्ट्यूज." सून त्याला रागावली. मी म्हटलं, रागावू नकोस, शब्द बरोबर वापरलाय त्यानं. आणि दुसऱ्याच दिवशी पारशिवनीची बस धरली.

आत्या अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. भाच्यांच्या सुना आत स्वयंपाकात होत्या, सोलेभाताची तयारी चालली होती. तिचा आवाज आता बसला आहे, तिच्याशी बोलायला जवळ जावं लागतं. मी तिच्यासमोर बसले, सुपातल्या चार शेंगा घेतल्या आणि इतकी वर्षं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. रूपा, चिवडा, कागद. मला अर्थ माहीत होता, असं म्हटलं.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "तुही रेघ पाहिली होती ना मी. अन् तो एन. घरी येऊन कागद पाहिला तं तुह्या हातचा एन. ए चा अ‍ॅन केला तू, अन् शब्द राहू दिला."

"मग बाबांना सांगितलं काहून नाही?" मीही नकळत तिच्याच बोलीवर आले.

"सांगा लागलं असतं ना का मी तिथं काय बोलली म्हणून. पुन्हा एकदा. दादासमोर." ती शेंगांकडे बघूनच बोलत होती. "लाज वाटली मले. तुह्यासाठी नाही केलं ते. तू आपली समजत असशीन का आत्या मोठ्या मनाची आहे म्हणून. तसं काही नाही वं."

मी खरंच तसं समजत होते. इतक्या वर्षांत तेवढा एक आधार मी स्वतःला ठेवला होता, तोही तिनं हळूच काढून घेतला. मी माफी मागितली. ती नुसती "हूं" म्हणाली. थोडा वेळ दोघींच्या हातातल्या शेंगा फुटत राहिल्या. मग तिनं मान वर केली.

"एक विचारू? खरं सांगशीन?"

"विचार."

"ते लोक हसले तवा, तिथं बाहेर बाकावर बसून, तूही हसली होती का?"

मला नाही म्हणता आलं असतं. आयुष्यभर जिच्याशी खोटं वागले तिच्यासाठी हे शेवटचं एक खोटं बोलायला हवं होतं की काय, हे मला आज हे लिहितानाही कळत नाही. पण मी खरं सांगायला गेले होते. हो, मी हसले होते. "लेस दॅन वन एटी" ऐकलं, आतलं हसू ऐकलं आणि मला आवरलं नाही. हाताआड नाही, ओठांआड नाही, नाकातून, चांगलं मोठ्यानं.

"हो," मी म्हटलं.

आत्यानं मान हलवली. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मले आवाज आला होता," ती म्हणाली. "त्या लोकायच्या हसण्याचं मले काही नाही वाटलं. परके होते ते. शिट्टी आयकू आली तं मी मनाशी म्हटलं, कुकर असंन जवळपास कोणाच्या घरचा. इतकी वर्षं मी कुकरच समजून राहिली होती वं बबे."

मग तिनं आमच्या दोघींच्या मधलं सूप आपल्याकडे ओढून घेतलं आणि राहिलेल्या शेंगा एकटीच सोलत बसली.